सगळ्यांना ब्याण्णव

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ११ वाजून २० मिनिटं.

तारीख आणि वेळ मुद्दाम आधी लिहिली. पुढेमागे कुणी विचारलं, तर ‘साधारण अकराच्या सुमारास’ असलं गुळमुळीत माझ्या तोंडून निघायला नको.

११.२० ला साहेबांनी बैठक सुरू केली. ११.२९ ला संपवली. रेकॉर्ड विभागातल्या नऊ माणसांनी प्रोग्रॅमिंग कुठल्या क्लासात शिकायचं, हे ठरवायला नऊ मिनिटं. माणशी एक! वाटणी अगदी न्याय्य.

माझा चौदा पानी अहवाल टेबलावर होता. साहेबांचा हात त्याच्याकडे दोनदा गेला. एकदा चहाचा कप ठेवायला, एकदा उचलायला. पहिल्या पानावर गोल डाग पडलाय. माझ्या अहवालाची तेवढीच काय ती दखल.

पाण्याचे मीटर तपासायच्या त्या कचेरीत मी एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा रेकॉर्ड विभागाची हेडक्लार्क म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. नियम असा, की प्रशिक्षण निवडणाऱ्या समितीत कामाची माहिती असलेला एक बाहेरचा सदस्य हवा. जानेवारीत साहेब स्वतः घरी आले. ‘मॅडम, रेकॉर्ड विभाग तुमच्याइतका कुणाला माहीत आहे?’ मी पाघळले. या वयात दात हलतात, गुडघे हलतात आणि स्तुती केली की मानही हलते.

तर ठरलं काय? काचेच्या इमारतीतली कंपनी. तिचा ‘प्रगत’ अभ्यासक्रम. बारा आठवडे, जूनअखेर परीक्षा. जो नापास होईल त्याची बदली नदीपलीकडच्या गोदामात. परिपत्रकात त्याला ‘पुनर्नियोजन’ म्हटलंय. ऐकायला किती गोड! दोन बस बदलून जायचं आणि दिवसभर गंजके पाइप मोजायचे.

मी म्हटलं, ‘प्रगत? अहो, यांतल्या निम्म्यांनी अजून प्राथमिकसुद्धा पाहिलेलं नाही.’

साहेब हसले. ‘कंपनीच्या पूर्वपरीक्षेचे निकाल बोलतात, मॅडम. मीसुद्धा त्यांच्याबरोबर पेपर दिला! नेता पुढे हवा.’ आणि उठून हात पुढे केला. ‘तुमच्या अनुभवाचा फार उपयोग झाला.’

कुणाला? कपाला.

बुधवार, ५ मार्च

चीड गेलेली नाही. धाकटी बहीण वरच्या मजल्यावर राहते, ती सकाळी खाली येऊन म्हणाली, ‘ताई, तू निवृत्त झालीस, पण तुझी जीभ अजून नोकरीवर आहे.’

गुरुवार, ६ मार्च

अहवाल कुणी वाचणार नाही, तर निदान त्याचं सार इथे असू दे. ही वही तरी कप ठेवत नाही.

तिन्ही ठिकाणी मी स्वतः जाऊन नमुन्याच्या तासाला बसले होते.

पहिली ती काचेची इमारत. दारातच एक मुलगी, ‘वेलकम मॅऽम!’ शिकवणारा तरुण बुटांवर उड्या मारत शिकवत होता. ‘कोडिंग इज फन!’ असेल बाबा. मी हात वर केला. माझा प्रश्न संपायच्या आत तीन स्लाइडी पुढे! शेवटी म्हणाला, ‘एनी डाउट्स?’ माझी एकच शंका होती, ती त्याच्याबद्दल होती.

दुसरं घरबसल्या. पडद्यावर एक ससा येतो आणि आपण काही केलं की ‘शाब्बास!’ म्हणतो. मी मुद्दाम चुकीचं बटण दाबलं. शाब्बास! पुन्हा दाबलं. शाब्बास! एकतीस वर्षांत माझं एवढं कौतुक कुणी केलं नाही. ससाच साहेब असता तर!

तिसरा क्लास घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर, अरुंद जिना चढून. बारा खुर्च्या, एक फळा. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, बाहीला खडू लागलेला. त्यांनी मला काहीच दाखवलं नाही. उलट विचारलं, ‘तुमच्या लोकांचं रोजचं काम काय? कागद आणलेत?’ मी मीटरच्या तपासणीचा तक्ता दिला. ‘आता सांगा. आधी काय बघता? मग? आकडा शंभरात दोनहून जास्त चुकला तर?’

‘तर तो मीटर लाल ट्रेमध्ये.’

‘आणि नाही चुकला तर?’

‘तर हिरव्या.’

त्या म्हणाल्या, ‘हाच प्रोग्रॅम. तुम्ही एकतीस वर्षं हेच करत होता, फक्त तोंडी. आता ते यंत्राला कळेल असं लिहायचं.’

जिना उतरताना मला पंखच फुटले होते. सहा महिने लागतील म्हणाल्या, शून्यापासून. चकचकीत प्रमाणपत्र नाही. मी शिफारस केली ती यांची. पान अकरा.

शनिवार, ८ मार्च

टाचणी येऊन गेली. हे नाव मीच ठेवलेलं. किडकिडीत, आणि एकदा कागदाला लागली की सुटत नाही. एकोणिसाव्या वर्षी कचेरीत आली, माझ्याकडेच काम शिकली, आता सत्तेचाळीसची आहे. मोत्यासारखं अक्षर. घरी आई, दोन्ही डोळे गेलेले. कचेरी घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून दुपारच्या सुट्टीत ही धावत जाते, आईला जेवायला वाढते, धावत परत येते. आईचे डोळे गेल्यापासून बावीस वर्षांत एकदाही उशीर नाही.

‘बाई, तुम्ही आहात ना समितीत,’ म्हणाली. ‘मग मला काळजी नाही.’

काचेच्या इमारतीबद्दल मी तिला सांगितलं नाही. चहा पाजला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मी! हवापाण्याच्या!

सोमवार, १० मार्च

साहेबांना पत्र दिलं. पूर्वपरीक्षेचे निकाल समितीच्या सदस्याला का दाखवले नाहीत, कोणत्या आधारावर ‘प्रगत’ निवडलं, लेखी कळवावे. पोच घेतली, शिक्क्यासकट.

दुपारी फोन आला. साहेब! आवाजात सबंध साखरेचा डबा. ‘मॅडम, लेखी कशाला? तुमच्याच लोकांचं यश आहे. ब्याण्णव! शंभरपैकी ब्याण्णव गुण!’

मी फोन ठेवला. ब्याण्णव! आणि मी काय समजत होते त्यांना? ‘निम्म्यांनी प्राथमिक पाहिलं नाही’, हे मीच म्हटलं ना भर बैठकीत? अगं, तुझी माणसं चार वर्षांत कुठल्या कुठे गेली आणि तू अजून त्यांच्या नाकाला रुमाल लावतेयस!

धाकटीला हाक मारून सांगितलं. समोरच्या शेजारणीला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘कोण पास झालं, नातू का?’ मी म्हटलं, ‘नऊ नातू.’

मंगळवार, ११ मार्च

कुणाला ब्याण्णव, हे विचारायचं राहिलंच होतं. सकाळी फोन केला. साहेब म्हणाले, ‘सगळ्यांना.’

सगळ्यांना?

नऊ माणसं एका बसने आली, तरी एकाच वेळी एकाच पायरीवरून उतरत नाहीत.

उत्तरपत्रिकांच्या प्रती मागितल्या. सदस्य म्हणून हक्क आहे माझा.

गुरुवार, १३ मार्च

प्रती आल्या. जेवायच्या टेबलावर ओळीने मांडल्या. नऊ. साहेबांची नाही पाठवली. मोठ्यांचे कागद मोठ्या फायलीत राहतात.

वीस प्रश्न. पर्यायाच्या खुणा सगळ्यांच्या सारख्या. चुकलेल्याही सारख्या. प्रश्न सतरा तेवढा स्वतःच्या शब्दांत लिहायचा होता: ‘तुमच्या रोजच्या कामातील असे एक काम लिहा, जे प्रोग्रॅम लिहून करता येईल.’

नऊही जणांचं उत्तर: ‘गोदामातील टायरांची आकारानुसार यादी करणे.’

टायर!

पाण्याच्या मीटरच्या कचेरीत!!

मोत्यासारख्या अक्षरातही टायर. आणि काचेच्या इमारतीने या उत्तराला प्रत्येकी पूर्ण गुण दिलेत. तपासणाऱ्याने वाचलं नाही, साहेबांनी वाचलं नाही. लिहिणाऱ्यांनी तरी वाचलं होतं की नाही, देव जाणे.

शुक्रवार, १४ मार्च

टाचणीला बोलावून घेतलं. नऊ कागद समोर टाकले. म्हटलं, ‘टायर कुठे ठेवलेत गं तुम्ही? फायलींच्या कपाटात?’

ती हसली नाही. लाजलीही नाही. तिला वाटलं, मी नमुन्याबद्दल विचारतेय.

‘मामांनी नमुना केला, बाई.’ मामा म्हणजे विभागातले सगळ्यांत वडील, छप्पन्न वर्षांचे. ‘पेपर जागेवर बसून भरायचा होता, दोन दिवसांत द्यायचा होता. मामांना काही कळेना. त्यांनी घरी नेला. त्यांचा जावई टायरच्या कंपनीत कॉम्प्युटरवर असतो ना, त्याने भरून दिला. मग मामांनी खिळ्याला लावला. आम्ही उतरवून घेतला.’

‘उतरवून घेतला!’ मी ओरडले. ‘ही परीक्षा होती! कॉपी केलीत तुम्ही!’

टाचणीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेड्यासारखं बोलतेय. ‘बाई, तुम्हीच लावलाय ना तो खिळा? तुम्हीच म्हणायचात, वरून आलेला कागद एकसारखाच परत गेला पाहिजे.’

 त्या रात्री मी स्वयंपाकघरातच जेवले; टेबलावर नऊ कागद होते.

शनिवार, १५ मार्च

दिव्याखाली अंधार. आणि दिवा कोण, तर मी.

रविवार, १६ मार्च

लिहून टाकते. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

मी हेडक्लार्क झाले, त्याच वर्षी वरून एक फॉर्म आला होता. ‘आपल्या विभागात पुरेसा उजेड आहे काय?’ आठ जणांनी लिहिलं ‘होय’. एकीने खरं लिहिलं, ‘नाही’. झालं! तपासणी अधिकारी आले ते तिच्याच टेबलापाशी. तुम्हालाच का दिसत नाही? तुमचे डोळे तपासलेत का? तुमची तक्रार करायची वृत्तीच आहे का? महिन्याभरात तिची बदली झाली. दिवा काही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्ड खोलीच्या दारामागे खिळा ठोकून घेतला. यापुढे वरून आलेल्या कुठल्याही कागदाचा आधी नमुना होईल, तो खिळ्याला लागेल आणि सगळे तसाच उतरवतील. एक कागद वेगळा दिसला, की एक मान पकडली जाते. नऊ सारखे असले, की कुणाला धरणार? बारा वर्षं माझ्या एकाही माणसाला वर बोलावणं आलं नाही. निरोपाच्या भाषणात मी हे मिरवलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या.

त्यांनी कॉपी केली नाही. त्यांनी माझी आज्ञा पाळली, मी निघून गेल्यावर चार वर्षांनीसुद्धा! असली आज्ञाधारक माणसं कुठे मिळतील? आणि ती आता प्रगत वर्गात बसणार, एक अक्षर कळणार नाही, जूनमध्ये सगळी नापास होणार आणि दोन बस बदलून पाइप मोजायला जाणार. आणि टाचणीची आई दुपारी ताटाची वाट बघत बसणार.

शाळेत चौथीत शेजारच्या मुलीने माझी गणितं उतरवली होती. सिस्टरनी दोघींच्या हातावर पट्टी मारली. मी रडत म्हटलं, ‘मी नाही केलं, सिस्टर, मी फक्त दाखवलं.’ सिस्टर म्हणाल्या होत्या, ‘मग तुला दोन जास्त.’

त्या दोन आज बसल्या.

सोमवार, १७ मार्च

कचेरीत गेले. लेखी निवेदन घेऊनच. त्यात सगळं: खिळा मी लावला, नियम माझा, दोष माझा. पूर्वपरीक्षा रद्द करावी, एकेकाला समोर बसवून पुन्हा घ्यावी, जे गुण पडतील ते पडोत आणि मग पान अकरा वाचावं. खाली सही.

वाटलं होतं, साहेब निदान माझ्यावर ओरडतील. ते खुर्चीत मागे रेलले.

‘म्हणजे कॉपी,’ म्हणाले.

‘तसं नाही. सवय...’

‘मॅडम, हा शिस्तीचा प्रश्न आहे. मग जूनपर्यंत थांबायचं कशाला? नऊही जण येत्या सोमवारपासून गोदामात. नवीन मुलं घेऊ, शिकलेली.’ मग आवाज खाली आणून, अगदी समजुतीने, ‘मला वाईट वाटतंय. पण मीही तोच पेपर दिला ना? तासभर बसलो. डोकं घातलं. प्रामाणिक माणसाचा कागद कसा असतो, तो माझा बघा म्हणावं त्यांना.’

करायला गेले एक! नऊ जणांच्या गळ्यातला फास सोडवायला गेले आणि स्टूलच ओढलं.

येताना रेकॉर्ड खोलीत डोकावले. खिळा जागच्या जागी. खाली भिंतीला कागदांच्या घासण्याने काळा पट्टा पडलाय. मामा उठून उभे राहिले. ‘या बाई, बसा ना!’ त्यांना अजून काही माहीत नव्हतं. मी बसले नाही. पक्कड मागितली आणि खिळा उपटायला लागले. निघेना. मामा म्हणाले, ‘सोडा बाई, तुम्ही पक्काच ठोकून घेतला होता.’

मंगळवार, १८ मार्च

टाचणीचा फोन. बदलीचं कानावर गेलं होतं. मला वाटलं, रडेल, बोल लावेल. तयारीत होते.

म्हणाली, ‘बाई, गोदामाची पहिली बस किती वाजता असते, माहीत आहे का? म्हणजे आईचं दुपारचं सकाळीच वाढून, झाकून ठेवता येईल का ते बघते. पण तिला झाकण सापडत नाही हो.’

मी म्हटलं, ‘चौकशी करते.’

धाकटी शेजारीच होती. ऐकून म्हणाली, ‘ताई, तू सगळ्यांची उत्तरं बघितलीस. त्या साहेबाचं बघितलंस?’

‘त्याचं काय बघायचं? तो प्रामाणिक आहे. स्वतःच सांगत होता.’

‘मग बघायला काय हरकत आहे? तू सिस्टरांच्या शाळेत शिकलीस, एकदा प्रामाणिक कागद डोळ्यांनी बघ तरी. आपल्या काळी मिळत नसत.’

टोमणा होता. पण खुमखुमी मलाही होतीच. साहेबांकडे मागण्यात अर्थ नव्हता. मूळ कागद काचेच्या इमारतीत. फोन लावला. तीच मुलगी. ‘शुअर मॅऽम! दहाच्या दहा पाठवते, मॅऽम!’

तिला मी अहवालात ‘नुसती वेलकम’ म्हटलंय. खोडायला हवं.

बुधवार, १९ मार्च. दुपारी ३ वाजून १० मिनिटं.

दहावा कागद आला. खाली साहेबांची सही, शेपटीसकट. गुण ब्याण्णव.

प्रश्न सतरा: ‘गोदामातील टायरांची आकारानुसार यादी करणे.’

साहेबांची केबिन दुसऱ्या मजल्यावर. खिळा तळमजल्यावर, दारामागे. एवढे जिने उतरले! माझ्या अहवालाचं पान उलटायला नुसतं बोट हलवायचं होतं.

पत्र आत्ताच हातोहात देऊन, पोच घेऊन आले. इथे नक्कल उतरवून ठेवते. ही शेवटची नक्कल.

‘महोदय, माझी चूक मी १७ तारखेला लेखी मान्य केली आहे, ती कायम आहे. आपल्या उत्तरपत्रिकेवरून असे दिसते, की आपले रोजचे काम टायरांची यादी करणे हे आहे. तरी ते टायर कचेरीत नेमके कोठे ठेवले आहेत, ते कळवावे. ते सापडत नसल्यास नऊही जणांची बदली रद्द करून माझ्या अहवालाच्या पान अकराखाली सही करावी. दोहोंपैकी एक, लेखी, शुक्रवार दिनांक २१ मार्च रोजी संध्याकाळी पाचच्या आत.’